हॉल भरलेला दिसला पाहिजे

गुडगावात तेव्हा जिकडे पाहावं तिकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येकीला माणसं हवी होती. ती मिळवून देणं हे माझं काम. आमच्या कॉल सेंटरचं गणित साधं होतं: काम साठ जणांचं, तर भरती नव्वदांची. काही जण येतच नाहीत, काही आठवड्याभरात पळतात. शिवाय परदेशातला ग्राहक पाहणीला आला की हॉल भरलेला दिसला पाहिजे. कोणी पळालंच नाही तर कोणाला काढायचं, ती यादी भरतीच्या आधीच तयार असे. ती मी करायचे. झटपट करायचे, आणि त्याचा मला अभिमानही होता.

दिल्लीत मयूर विहारला आमच्या घरी दर रविवारी यूपीएससी करणारी मराठी मुलं जेवायला यायची. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, आईला माणसांची हौस. त्यांत परभणीची एक मुलगी होती. पूर्वपरीक्षा पास झालेली, मुख्य परीक्षा तोंडावर, आणि हा शेवटचा प्रयत्न. घरून मात्र सारखे फोन. नोकरी तरी बघ, नाहीतर परत ये, स्थळं सांगून येताहेत.

त्या आठवड्यात मला चार माणसं कमी पडत होती. भात वाढता वाढता मी तिला विचारलं, आमच्याकडे नोकरीला येतेस का? स्वयंपाकघरात आई म्हणाली, तिची परीक्षा तरी होऊ दे. मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही. मला कळत होतं, हेच वाईट. रुजू व्हायची तारीख परीक्षेच्याच आठवड्यातली होती आणि ट्रेनिंगमध्ये एकही सुट्टी नव्हती.

दुसऱ्या कुणी दिलं असतं तर ते नेमणुकीचं पत्र तिने दहा जणांना दाखवलं असतं. आपल्या माणसांकडून आलं म्हणून तिने ते नीट वाचलंसुद्धा नाही. फक्त एवढंच विचारलं, "ताई, नोकरी पक्की ना?"

"बिल्कुल पक्की," मी म्हणाले. काढायच्या यादीत तिचं नाव शेवटून तिसरं होतं. पुढे शेरा माझ्याच अक्षरात: इंग्रजी कच्चं.

परीक्षेच्या दिवशी ती पहिल्या रांगेत हेडफोन लावून बसली होती. फोनला अजून लाइनच जोडलेली नव्हती. पाहुणे हॉलमधून फिरले, खूश झाले. त्या खेपेला कोणीच पळालं नाही. यादी मी वेळेवर वर पाठवली. महिन्याच्या आत तीस जण घरी गेले.

रविवारी ती येणार नाही असं मी धरून चालले होते. पण ती आली. मला गॅलरीत बोलावून तिने विचारलं, "ताई, तुम्हाला आधी माहीत होतं का?"

"नाही गं."

तिने लगेच मानलं. डोळे पुसून म्हणाली, "सगळ्यांना काढल्याच्या पत्रांवर सह्या तुम्हालाच कराव्या लागल्या ना? किती त्रास झाला असेल तुम्हाला."