वडिलांची दुर्बीण

मला शिकारी माणसं आवडत नाहीत. तरी त्या सकाळी मी एका शिकाऱ्यापासून दोन मीटरवर बसून राहिलो. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या आतच फिरायची मुभा होती, आणि आयर्लंडमधल्या कासलबार गावाबाहेरच्या त्या टेकडीवर दुसरं कुणीच नव्हतं. पिकलेल्या भुवयांचे ते गृहस्थ पालथे पडून समोरचा उतार न्याहाळत होते. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुर्बीण त्यांच्या वडिलांची होती. काचेवर वाफ धरू नये म्हणून ते मान वळवून श्वास सोडायचे. मुलाने दिलेला, अंगाची ऊब टिपणारा थर्मल कॅमेरा मात्र खिशातच होता. “त्यात नुसते ठिपके दिसतात. जीव घ्यायचा तर आधी तो नीट बघावा,” ते म्हणाले.

उतारावर एक हरिणी चरत होती. पाडस सोबत असेल तर आईला मारायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम. बराच वेळ निरखून ते म्हणाले, “एकटीच आहे.” बंदुकीत गोळी भरून त्यांनी कॅमेरा सॅनिटायझरने पुसून मधल्या दगडावर ठेवला. “बघायचं तर बघा.”

मी बघितलं. हरिणीमागच्या वाळक्या नेच्यांत एक छोटा पांढरा ठिपका होता. मी कॅमेरा दगडावर परत ठेवला.

त्यांनीही त्यातून बघितलं. मग गोळी काढली आणि दुर्बिणीला झाकणं लावली.

“वडिलांनी आणि मी,” ते हळूच म्हणाले, “एकट्या समजून किती आया मारल्या असतील?”