मांजर छाप

डूख धरणं वाईट, असं माझे वडील सांगत. ते अमरावतीला शाळामास्तर होते आणि त्यांचं कुणी कधी काही चोरलं नव्हतं. माझं चोरलं, म्हणून मी डूख धरला. त्याचा मला आजही पस्तावा नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. मी अकोल्याच्या एका कापड गिरणीत चित्रकार होते, लुगड्यांचे काठ काढायची. गिरणीचं जाडंभरडं कापड जहाजानं पूर्व आफ्रिकेत जाऊ लागलं, तेव्हा प्रत्येक ताग्यावर चिकटवायला रंगीत चित्र हवं झालं. तिकडे भाषा अनेक, त्यामुळे गिऱ्हाईक कापड चित्रावरूनच मागे. काडेपेटी आपणही तशीच मागतो.

मी कोंबडा काढला, परतवाड्याच्या बाजारात पाहिलेला, मान ताठ, तुरा लालभडक. पंधरा दिवस एकेक पीस रंगवलं. विक्रीखात्याच्या साहेबांनी खाली कोपऱ्यात स्वतःची सही ठोकून दिली.

कोंबडा मोंबासाला धडाक्यात खपला. मालकांनी सगळ्या हपिसासमोर साहेबांच्या खांद्यावर हिरव्या काठाची शाल घातली. मी उभी राहून म्हटलं, "चित्र माझं आहे."

साहेब हसले. "बाईंनी रंग भरले. रांगोळीत भरतात ना, तसे."

सगळे हसले. मी खाली बसले. त्या दिवशी भाकरी थापतानाही ती शाल डोळ्यांपुढून हलेना.

मग एका मऊ कापडासाठी दुसरं चित्र हवं झालं. मी मांजर काढलं, डोळे मिटून दूध पिणारं. पेन्सिलीतलं चित्र पाहून साहेब म्हणाले, "मऊ कापडाला मांजर! वा!" रंगवताना मी त्या मांजराला साहेबांची तिरपी काळी टोपी घातली, त्यांच्या हनुवटीवरचा तीळ दिला आणि अंगावर ती शाल पांघरली, हिरव्या काठासकट. साहेब आधी सही करत आणि बघायचं राहूनच जाई, हे मला पक्कं ठाऊक होतं. याही वेळी त्यांनी सही तशीच केली. चित्रं छापली गेली, तागे मुंबईला बंदरावर रवाना झाले.

पहिल्यांदा शिपायाच्या लक्षात आलं. उरलेलं एक चित्र उजेडात धरून तो म्हणाला, "बाई, हे मांजर त आपल्या सायबावानीच दिसून राह्यलं!"

दुपारपर्यंत जो तो तोंडाला रुमाल लावून फिरत होता. शेवटी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "पुढच्या छपाईला टोपी काढा. शालही काढा. नाहीतर तुम्हाला काढीन."

"मालकांना सांगून काढा," मी म्हटलं.

मालकांना सांगायचं तर चेहरा कोणाचा तेही सांगावं लागणार. साहेब आल्या पावली परत गेले. नोकरीची धास्ती मलाही होती, पण मजा त्याहून जास्त वाटत होती.

काही महिन्यांनी मोंबासाच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं. मांजराचंच कापड पाठवा, चित्रात केसाचाही फरक नको. मालकांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. टेबलावर पत्र, पत्राशेजारी मांजर आणि त्याशेजारी नवी कोरी शाल.

"हे मांजर कोनं काढलं बाप्पा?" मालकांनी विचारलं. "सही त तुमचीच हाये, सायेब. या, पुढं या."

साहेबांनी शालीकडे पाहिलं, मग मांजराकडे. शाल घ्यावी तर स्वतःचंच चोरटं तोंड आपण काढलं असं ठरणार.

"माझं नाही!" ते ओरडले. "यांचं आहे! सही मी नुसती करतो, चित्रं याच काढतात!"

"मंग कोंबडा?"

साहेब टोपी सारखी करू लागले. मालकांनी एकदा मांजर पाहिलं, एकदा साहेब पाहिले, आणि शाल उचलून माझ्या हातात दिली.

एवढ्यावर मी विसरायला हवं होतं. वडील असते तर तेच म्हणाले असते. पण चित्र बदलायचं नव्हतं आणि मंजुरीची सही साहेबांचीच लागे. पुढं ते निवृत्त होईपर्यंत दर छपाईला ते मांजर त्यांच्यापुढे जात राहिलं. शिपायाच्या हाती मी ते एकदाही पाठवलं नाही.