आउनेच्या सौनाची झडप

आउने सारिक्कोला कुणी “एकटी कशी राहतेस” असं विचारलेलं खपत नसे. एकटी कुठे, घर आहे की सोबतीला, असं म्हणून ती विषय मिटवायची. कॅनडात थंडर बेच्या चढावरचं ते घर, तळघरातल्या सौनासकट, म्हणजे फिनिश लोकांच्या वाफेच्या न्हाणीसकट, तिच्या नवऱ्याने, उर्होने, स्वतःच्या हातांनी बांधलेलं. उर्हो सप्टेंबरात गेला, आणि जानेवारीत घर उबदार ठेवणाऱ्या तळघरातल्या गॅसच्या भट्टीने रुसायला सुरुवात केली.

भट्टी नव्या तऱ्हेची, भारी काटकसरी. जळलेल्या गॅसमधली ऊब ती इतकी पिळून घ्यायची की त्यातल्या वाफेचं पाणी व्हायचं. ते पाणी एका बोटभर जाड पांढऱ्या नळीतून मोरीत जायचं. तुंबलं की भट्टी आपली आपण बंद. बाहेर उणे तीस, अंगावर स्वेटरवर स्वेटर, आणि वर टोरंटोहून लेकीचा फोन. रायली आईवरच गेलेली, एकदा बोलली की बोलली. भट्टी पुन्हा बंद पडली तर घर विकायचं आणि आईने टोरंटोला यायचं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. आउनेने हो म्हटलं होतं. नळ गोठून फुटले तर घराचं काय होईल, हे तिलाही कळत होतं.

भट्टी दुरुस्त करायला डोमेनिक यायचा. इटालियन माणूस, तोंडाला कुलूप नाही. भट्टीच्या पोटात डोकं घालूनही तो आपल्या सासूच्या तक्रारी सांगायचा. पहिल्यांदा त्याने नळीच्या वाकातला गाळ काढला आणि गरम पाणी सोडलं. दुसऱ्यांदा तो वाकच बदलला. दोन्ही वेळा भट्टी एखादा दिवस नीट चालली, आणि थंडी वाढली की पुन्हा बंद. पण उणे तिशीत दोनदा आला, भुवयांवर बर्फ घेऊन आला, आणि एकदाही कुरकुरला नाही. आउने फार बोलणारी नव्हे. तिने दोन्ही वेळा वेलदोड्याचा पाव त्याच्यापुढे ठेवला, त्यात सगळं आलं.

तिसऱ्यांदा भट्टी बंद पडली ती शनिवारी सकाळी. आउनेने रायलीला न कळवता डोमेनिकला बोलावलं. त्याने या वेळी नळीवर हात ठेवला आणि ती जाईल तिकडे तो गेला. नळी फळ्यांच्या भिंतीत शिरत होती.

“मावशी, ही पुढे कुठे जाते?”

“सौनात. तिथल्या मोरीत.”

“मग उघडा की दार.”

“तिथे काही नाही बघण्यासारखं.”

“हे तुम्ही दोनदा सांगितलंत आणि मी दोनदा ऐकलं,” डोमेनिक म्हणाला. “तिसऱ्यांदा ऐकलं तर मी मठ्ठ आहे असं माझी सासू म्हणते ते खरं ठरेल.”

आउनेला हसू आलं आणि तेवढ्यात हात कडीवर गेला. उर्हो गेल्यापासून ते दार तिने उघडलं नव्हतं. आत बाकांवर हिव साचलं होतं. खुंटीवर उर्होचा टॉवेल लाकडासारखा ताठ झाला होता. नळीवर बर्फ, मोरीच्या तोंडाशी बर्फाचा गोळा, आणि वर छताजवळची, बाहेर उघडणारी हवेची झडप सताड उघडी.

“ही कुणी उघडी टाकली?” डोमेनिकने विचारलं.

सौनातून जो शेवटी निघेल त्याने लाकूड वाळावं म्हणून झडप उघडायची, आणि रविवारी सकाळी ती बंद करायची, ही फिनिश लोकांची रीत. या घरात शेवटी निघायचा उर्हो, आणि बंद करायची आउने. शेजाऱ्यांची झडप रविवारी दुपारपर्यंत उघडी दिसली की ती त्यांची चांगली खरडपट्टी काढायची. त्या शेवटच्या शनिवारीही उर्होने झडप उघडली होती. रविवार उजाडला तेव्हा ती इस्पितळात त्याच्या उशाशी होती.

“उघडली त्याने,” ती म्हणाली. “बंद मी करायची असते.”

 डोमेनिक हळूच म्हणाला, गाडीतून विजेचा हीटर आणतो.

“सौनात हीटर?” आउने म्हणाली. “लाज आणशील.”

तिने झडप ओढून घेतली, लाकडं आणली आणि सौनाची चूल पेटवली. चुलीवरचे दगड तापले, बाकांवरून पाणी गळू लागलं, आणि नळीतून मोरीत एक थेंब पडला. मागोमाग धारच लागली. डोमेनिकने पलीकडे जाऊन बटण दाबलं, भट्टी धडधडली, आणि आउनेच्या जिवात जीव आला. तिने त्याचा काळा झालेला हात दोन्ही हातांत धरला. “तू दार उघडायला लावलंस. तुझे उपकार मी विसरणार नाही.”

त्याने नळीला विजेवर गरम राहणारी पट्टी गुंडाळली आणि बजावलं, की रात्रभर दगड गरम असतात तोवर झडप उघडी चालेल, पण सकाळ झाली की बंद. आणि दर शनिवारी सौना तापवायचा. मग पाहुणा म्हणून तिने त्यालाच आधी आत बसवलं.

संध्याकाळी तिने रायलीला फोन करून काही न लपवता सांगितलं. भट्टी पुन्हा बंद पडली होती, आणि का पडली होती. 

“बाबांचा टॉवेल अजून तिथेच होता?” रायलीने विचारलं.

“होता. धुऊन वाळत घातलाय.”

“राहू दे. पुढच्या महिन्यात मी येते, मला लागेल.” घर विकण्याचं तिने नावही काढलं नाही.

मग आउने एकटीच आत जाऊन बसली, उर्होच्या वरच्या बाकावर, अंग लाल होईपर्यंत. शेवटची तीच निघाली, म्हणून झडप तिनेच उघडली. रविवारी कॉफी ठेवण्याआधी ती खाली गेली आणि झडप बंद केली.