पोळपाटावरची दुर्बीण

नाशिकच्या आकाशात कधी काय घडणार, हे देवाखालोखाल कुणाला ठाऊक असेल तर ते आमच्या भावजींना. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. सातपूरच्या एका कारखान्यात तयार पार्ट मोजून पास-नापास करायचं त्यांचं काम. केसाएवढी चूक पकडणारा हा माणूस घरी मात्र एका पायात काळा आणि दुसऱ्या पायात निळा मोजा घालून येई. टोकलं की म्हणायचे, "वहिनी, माणसाच्या हातात रिजेक्शन असायचंच. वर बघा, आकाशात रिजेक्शन नाही."

दुर्बीण विकत घेणं त्यांना कमीपणाचं वाटे. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. त्यांनी जाड काचेच्या दोन चकत्या आणल्या, एक पिंपावर पक्की बसवली आणि ओली पूड घालून दुसरी तिच्यावर घासत रोज ड्यूटीवरून आल्यावर पिंपाभोवती गोल फिरायला लागले. दुर्बिणीतला आरसा सगळीकडून सारखा व्हायला म्हणे असंच फिरावं लागतं. चांगले तीन महिने! सासूबाईंना वाटलं, लेकानं लग्नासाठी नवस बोललाय. त्यांनी पिंपाला हळदकुंकू वाहिलं. मग काय, हळदीच्या कणानं काचेला ओरखडा कसा पडतो यावर आम्हा सगळ्यांना अर्धा तास ऐकावं लागलं. आरसा झाला, नळी पाइपाची झाली, आणि ती गोल फिरावी म्हणून खाली बसला माझा सागवानी पोळपाट. माहेरून आणलेला! "अहो भावजी, पोळ्या कशावर लाटू?" म्हटलं. "ओट्यावर. ओटा सपाट आहे, मी मोजलाय."

दर महिन्याच्या एक तारखेला ते सोसायटीच्या फळ्यावर 'या महिन्याचं आकाश' लिहीत. वर 'टाकी धुणार, उद्या पाणी नाही' आणि खाली 'गुरू संध्याकाळी पूर्वेला, दुर्बिणीतून चार चंद्र'. लोक पाण्यासाठी फळा वाचायचे आणि गुरू बघायला गच्चीवर यायचे.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात त्यांनी लिहिलं, सिंह राशीतून उल्कांचा पाऊस पडणार. अख्खी बिल्डिंग मफलर बांधून, थर्मास घेऊन पहाटेपर्यंत गच्चीवर. पडल्या किती? मोजून नऊ. नंतर कळलं, खरा पाऊस आदल्या रात्रीच पडून गेला होता. जगभरातल्या भल्याभल्यांचा अंदाज चुकला होता, पण आमच्या बिल्डिंगमध्ये नाव खराब झालं भावजींचं. "काय हो, आज शनी रजेवर का?" चेअरमन जिन्यात विचारायचे. भावजींनी खडू ठेवून दिला. "मोजणाऱ्याचं माप चुकलं की त्यानं गप्प बसावं, वहिनी." साडेपाच वर्षं त्या फळ्यावर नुसती टाकी धुतली गेली.

मग आला दोन हजार चारचा जून. शुक्र सूर्यावरून जाणार होता, जिवंत माणसांपैकी कुणीच न पाहिलेली गोष्ट. भावजींनी रजा टाकली, पण फळ्याकडे जाईनात. मलाच राग आला. खडू हातात कोंबला नि म्हटलं, "लिहा! चुकलं तर चेअरमनना मी बघून घेते." त्यांनी लिहिलं : 'उद्या सकाळी पावणेअकरा ते दुपारी पावणेपाच. गच्चीवर या. सूर्याकडे थेट बघू नका.'

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीच्या तोंडावर माझ्याच डब्याचं भोक पाडलेलं झाकण बसलं, बाजूच्या भिंगासमोर पुठ्ठ्यावर पांढरा कागद. सूर्य त्या कागदावर उतरायचा होता. पण दिसेल तर उतरेल ना! अकराला ढग, बाराला ढग. लोक आले, "वाटलंच होतं" म्हणत जेवायला गेले. "शुक्रही आदल्या दिवशीच गेला वाटतं," चेअरमन जाता जाता बोललेच. भावजी पोळपाटावर हात ठेवून उपाशी उभे. माझा जीव तीळतीळ तुटत होता.

साडेतीनला ढग फाटले. कागदावर बशीएवढा सूर्य उतरला, आणि त्यावर मिऱ्याएवढा काळाभोर, गोल गरगरीत ठिपका! मी जिन्यात अशी काही ओरडले की चारही मजल्यांची दारं उघडली. आणि भावजींनी काय करावं? खिशातलं मापाचं व्हर्नियर काढलं आणि शुक्र मोजला. "पाच मिलिमीटर. बरोबर. पास." मग चष्मा काढून डोळे पुसले. तोवर रांग लागली होती. चेअरमन कागदावर वाकले ते बराच वेळ सरळच होईनात. उठल्यावर एवढंच म्हणाले, "एक तारखेपासून फळा तुमचा." माझी छाती अशी फुगली होती, जसा काही शुक्र मीच लाटून वर सोडला होता.

आता साखरेनं भावजींची नजर नेली. फळा मात्र चुकलेला नाही. ते तोंडपाठ सांगतात, मी लिहिते. संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्यांनीच शिकवल्याप्रमाणे हात लांब करते, मूठ धरते. खालून हाक येते, "वहिनी, गुरू किती वर आलाय?"

"दोन मुठी, भावजी."

ते क्षणभर मनाशी ताडून बघतात. "पास," म्हणतात.

पोळपाट अजून दुर्बिणीखालीच आहे. मी तो परत मागितला नाही. ओटा खरंच सपाट आहे.