खंडेनवमीला फिरलेलं पातं

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो. बी.कॉम., सेकंड क्लास. हे सांगताना आजही मान ताठ होते, आणि का होऊ नये. वडील अंबरनाथला एका कारखान्याच्या साहेबांच्या बंगल्यांवर माळी होते. राहायला आम्ही तिथल्याच मोरिवलीत.

नव्वदच्या आसपास बंगल्यांवर पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं यंत्र आलं. चार चाकं, ढकलायला दांडा, पोटाखाली लांब पातं. वडिलांनी त्याचं इंग्रजी पुस्तक टॉवेलात गुंडाळून घरी आणलं.

"वाच, ग्रॅज्युएट. माझी बोटं आता तुझ्या इंग्रजीच्या भरवशावर."

मी वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो. पेट्रोल इंजिन गार असतानाच भरायचं. सांडलं तर पुसायचं, आणि यंत्र दहा पावलं लांब नेऊनच सुरू करायची दोरी ओढायची. आधी गवतातले दगड, तारा वेचायच्या. पायात चपला नाही, बूट. वडील प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. शेवटचं पान साफसफाईचं निघालं. ज्यानं जन्मभर विळे-कुदळी पुसून ठेवल्या त्याला साफसफाई काय वाचून दाखवायची? मी पुस्तक मिटलं. "झालं," म्हणालो.

यंत्र चांगलं चाललं. बंद करायचं बटण तेवढं लवकरच बिघडलं. मग वडील पेट्रोलची तोटी फिरवायचे, आणि यंत्र उरलंसुरलं पिऊन, दोन-चार उचक्या देऊन थांबायचं.

"माणसासारखा जीव सोडतंय बघ," ते म्हणायचे. मला ते ऐकवत नसे.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी त्यांच्याबरोबर गेलो. मोरिवलीत कारखान्यांची घरघर अंगात भिनलेली असते. त्या दिवशी सगळी यंत्रं पूजेसाठी बंद, आणि घरघर थांबली की कुणीतरी मागे येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. साहेब गावी गेलेले. बंगल्याच्या मागे आम्ही दोघंच.

"आज याला हात जोडायचे. चालवायचं नाही," वडील म्हणाले.

विळे, कुदळी, कात्री ओळीनं मांडून झाली. मग त्यांनी यंत्र आडवं केलं, पातं धुतलं, एका टोकाला हळद-कुंकू लावलं. दुसरं टोक खाली जमिनीकडे राहिलं होतं. ते पुढे आणायला त्यांनी पातं हातानं फिरवलं. जड गेलं.

"आतून कोण धरतंय रे?" ते हसले आणि जोर लावला.

यंत्र खोकलं.

दोरीला कुणाचा हात नव्हता. पातं गर्रकन एकदा फिरलं आणि थांबलं. पांढरा धूर निघाला, पेट्रोलचा वास पसरला. उदबत्ती अजून पेटवली नव्हती, एवढंच नशीब. पुन्हा तीच शांतता.

वडिलांचा हात मनगटापर्यंत लाल. कुंकवाची वाटी उलटली होती. कुंकू कुठलं, रक्त कुठलं, कळेना. त्यांनी हात बादलीत बुडवला. पाणी लाल झालं. मी त्या लाल पाण्यात बोटं चाचपून मोजली. पाच. मधल्याचं नख गेलं होतं.

"हे पुस्तकात होतं का रे?"

घरी येऊन मी शेवटचं पान उघडलं. पहिलीच ओळ: पात्याला हात लावण्याआधी ठिणगी पाडणाऱ्या प्लगची तार काढा; पातं हातानं फिरवलं तरी आत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन पेटू शकतं.

नव्हतं म्हणालो असतो तर त्यांनी मानलं असतं. त्यांना कुठं वाचता येत होतं?

"होतं. मी वाचलं नाही."

ते बोटावर चिंधी गुंडाळत राहिले. दातानं गाठ आवळून म्हणाले, "मग आता वाच. सगळं."

मी छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचलं.

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी आधी टाकी रिकामी केली, प्लगची तार काढली, मग प्लगच काढून माझ्या हातात दिला. "पूजा होईस्तोवर सोडू नको." मी मूठ आवळून उभा राहिलो. कुठेच काही घरघरत नव्हतं. यंत्र आदल्या दिवसापासून बंद होतं, तरी प्लग मला गरम लागत होता.