बाराव्या आठवड्यातलं 'होय'

कॅमेरा सुरू झाला की काका आधी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून दाखवायचे. "दोघेही हजर," म्हणायचे. मग, "जयभीम. आज कोणता तक्ता भरायचाय?"

तुमच्या घरी कुणाला पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, तर आमच्यासारख्यांचा आवाज तुम्ही ऐकला असेल. नोएडातल्या काचेच्या इमारतीत बसून आम्ही माणसांना स्वतःची काळजी स्वतः घ्यायला शिकवायचो. बारा आठवडे, दर आठवड्याला एक व्हिडिओ कॉल. पुढ्यात छापील प्रश्न आणि तोंडावर ठरवून दिलेलं हसू. तेव्हा मला त्याचा नुसता कंटाळा होता. आता शिसारी येते.

काका करोल बागेत राहायचे. मूळचे नागपूरकडचे, पण सगळी नोकरी दिल्लीतच, सरकारी खात्यात फायलींवर टिपणं लिहिण्यात गेलेली. मी मराठी बोलणारी, म्हणून ते माझ्या वाट्याला आले. झटक्याने जीभ जड झाली होती, तरी हिशोबात चूक नाही. व्यायाम झाला का विचारलं की म्हणायचे, "तीनदा केला. चौथ्यांदा आळस केला. लिहून घ्या."

बाकीचे पेशंट सर्रास थापा मारायचे. काकांना ते जमायचंच नाही. एकदा सूनबाई मागून म्हणाली, बाबा रोज चालतात हं. काकांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली, की मंगळवारी चाललो नाही. ती बिचारी कपाळाला हात लावून आत गेली.

पहिल्याच कॉलला आम्ही पेशंटला त्याचं ध्येय विचारायचो. लोक सांगायचे, गाडी चालवायची आहे, नातवाच्या लग्नात नाचायचं आहे. काका सूनबाई खोलीबाहेर जाईपर्यंत गप्प बसले.

"मला एकट्याला संडासला जाता आलं पाहिजे," ते म्हणाले. "ती पोरगी घरून ऑफिसचं काम करते, ते सोडून धावत येते. म्हणून मी पाणी कमी पितो. तेही लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

मग तो माणूस जिद्दीने खुर्चीवरून उठबस करत राहिला. घाम पुसायला डावा हात, तोल सावरायलाही डावाच. सातव्या आठवड्यात कशालाही न धरता उभे राहिले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि ते चक्क लाजले. पुढे संडासच्या दारापर्यंत पोचू लागले, पण आत वळताना पाय दगा द्यायचा. शेवटच्या कॉलला मी विचारलं, एकट्याला जमतं का? ते म्हणाले, नाही, वळताना कुणीतरी धरावं लागतं.

मी 'नाही' लिहिलं. स्क्रीनवर लाल खूण आली. तासाभरात टीम लीडर खुर्ची सरकवत माझ्याकडे आला. बाराव्या आठवड्यात लाल खूण राहिली की वरचे विचारतात, असं त्याचं म्हणणं. "यार, ग्रीन कर दो. चल तो रहे हैं अंकल." मी वाद घातला असेल? डोंबल. घरी जायची कॅब खाली उभी होती. मी 'होय' केलं आणि अहवाल काकांच्या घरी गेला.

महिन्याभराने नियमाप्रमाणे शेवटचा फोन केला, आमची सेवा कशी वाटली ते विचारायला. सूनबाईने उचलला. तिने सांगितलं, बाबांनी तो अहवाल दोनदा वाचला. आपल्याला जमतं हे वाचून त्यांनाच नवल वाटलं. पण जन्मभर त्यांनी कागदावर आहे ते खरं मानलेलं, आणि हा कागद तर माझा. ही मुलगी उगाच लिहिणार नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती मीटिंगमध्ये असताना हाक न मारता गेले. वळताना पडले. खुब्याचं हाड मोडलं, मग न्यूमोनिया झाला, आणि दवाखान्यातून काका परत आलेच नाहीत.

शी. त्या टीम लीडरची किळस येते, त्या हिरव्या खुणांची येते. पण बटण माझ्या बोटाने दाबलं होतं.

मग सूनबाई म्हणाली, "ताई, मला झोप नाही लागत. त्यांना खरंच जमत होतं ना? की मी लक्ष द्यायला हवं होतं?"

आमचे सगळे कॉल रेकॉर्ड व्हायचे. हाही होत होता.

"रिपोर्टमध्ये तसंच आहे," मी म्हणाले, आणि तिने माझे आभार मानले.