मोठ्या आईच्या सैल वाती

सकाळी कणीक मळत होते, तेव्हा अल्लीपूरहून वसंतदादाचा फोन आला. मोठी आई झोपेतच गेली म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसले, "काही बी काऊन बोलतं दादा? परवाच तर तिनं मले वातीचा डबा देला!" मोठी आई म्हणजे माझी थोरली काकू, दादाची आई. नव्वदी केव्हाच ओलांडलेली. तेरवीला जो तो म्हणत होता, सोनं झालं. असेलही. मला मात्र अजून काही उमगत नाही...

तिच्या वातींचं गावात भारी कौतुक. बोटांना चिमूटभर राख लावून ती अशी घट्ट वात वळायची, की तेल संपेपर्यंत जागची हलायची नाही. गेल्या दिवाळीनंतर त्याच वाती सैल यायला लागल्या. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवणारं. दोष कुणाला देणार? कापसाला! दादाने धागा ओढून पाहिला आणि निकाल दिला, "यंदाचं बियाणंच भिकार निंघालं." शेजारच्या वावरातला कापूस आणला, मग मी वर्ध्याहून आणला. ती वळत राहिली, वाती सुटत राहिल्या. एके दिवशी तिच्या हातून पाण्याचा गडवा निसटला, उठायला गेली तर पाय उचलेनात, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय हललाच नाही. नसांमध्ये करंट सोडून तपासलं. रोगाशी लढणारी शरीराची शक्तीच तिच्या नसांवर उलटली आहे, म्हणाले. या वयात सगळे म्हातारपणावर ढकलतात, म्हणून लवकर कळत नाही. मोठी आई कान देऊन ऐकत होती.

"म्हंजे राखणीचं कुत्रं घरच्याइलेच चावून राह्यलं?"

डॉक्टर हसून हो म्हणाले.

"पण काऊन?"

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली.

सलाइनमधून औषध सुरू झालं. सुयांनी हात काळानिळा पडला, ती कुडकुडायची, आणि मला वाटायचं, कशाला छळतोय आपण हिला? पण काही आठवड्यांनी बोटं वळू लागली. घरी आल्यावर पहिली घट्ट वात तिने माझ्या तळहातावर ठेवली तेव्हा मी हमसून रडले. औषधाचा असर उतरू शकतो, जरा काही वाटलं तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मी दर भेटीत विचारायची, "हात कसे हाय?" ती म्हणायची, "बेस हाय. तू चहा मांड."

सुतकात देवापुढे दिवा नव्हता, त्यामुळे तिने दिलेला श्रीखंडाचा जुना डबा तसाच राहिला. तेरवीनंतर उघडला. तळाच्या वाती घट्ट. वर वर येताना सैल, आणखी सैल... सगळ्यात वर तर नुसताच कापूस, जेमतेम लांबवलेला.

म्हणजे दुखणं परतल्याचं तिला ठाऊक होतं. दादा म्हणतो, तिला पुन्हा दवाखाना नको होता. मग जायच्या आदल्याच दिवशी "दिवाळीच्या वातीले चांगला कापूस ठेवजो," असं त्यालाच का सांगितलं? आणि लपवायचंच होतं, तर डबा माझ्याच हातात का दिला?

आता रोज संध्याकाळी वरचीच एक वात लावते. ती सरकते, तेलात बुडते. मी काडीने वर ओढते. पुन्हा बुडते. मी पुन्हा ओढते.